पायाळू बाळ, निळा डाग आणि सहाव्या आठवड्यातली सोनोग्राफी

प्रश्न : डॉक्टर, माझी पहिलीच मुलगी आज अकरा दिवसांची झाली. शेवटपर्यंत फिरली नाही, पायाळूच राहिली, म्हणून सिझर झालं. वजन २ किलो ८०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी बाळाच्या डॉक्टरांनी तिला पूर्ण उघडं करून पाच-सात मिनिटं तपासलं आणि ‘सगळं छान आहे’ म्हणाले. पण माहेरी आल्यापासून रोज काहीतरी नवीन दिसतंय. कमरेखाली मोठा निळा डाग आहे. आत्या म्हणते, ग्रहणात तू काहीतरी केलं असशील. छाती दोन्हीकडे सुजून गाठीसारखी झालीय आणि त्यातून दूध येतं. अंघोळ घालणाऱ्या मावशी ते रोज पिळून काढतात. पाचव्या दिवशी लंगोटाला रक्त लागलं. अंगावर लाल चट्टे उठले आणि गेले. डोकं मागून लांबट आहे. आणि हो, कार्डावर सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी करा असं लिहिलंय. पण त्याच कार्डावर ‘खुबे नॉर्मल’ असंही आहे, पाय तर ती भरपूर हलवते. घरचे म्हणतात, उगाच खर्च कशाला. जावं का?
– एक आई, तासगाव

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण मुदत फक्त त्यालाच आहे. हो, जा. दुसरं, मावशींचं ते पिळणं आजच्या आज बंद. बाकी तुम्ही जे जे लिहिलंय, त्यातल्या एकाही गोष्टीला औषध लागत नाही.

निळा डाग, रक्त, चट्टे यांनी तुमची झोप उडवली आणि खुब्यांचा विषय ‘आणि हो’ म्हणून आला. यात तुमचा दोष नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांचं असंच असतं. नवजात बाळाच्या अंगावर जे दिसतं ते बहुधा निरुपद्रवी असतं, आणि डॉक्टर ज्यासाठी बाळाला उघडं करून बघतात ते घरच्यांना दिसत नाही.

पिळण्यापासून सुरुवात करू. गरोदरपणात तुमच्या रक्तातली संप्रेरकं वारेतून बाळापर्यंत पोचत होती. त्यांच्या परिणामामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाळाचे स्तन फुगतात, बोटाला गाठ लागते, क्वचित दुधासारखे थेंबही येतात. मुलग्यांमध्येही अगदी असंच होतं. काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं, एखाद्या बाळात थोडं जास्त रेंगाळतं. ‘साचलेलं दूध काढलं नाही तर गाठ राहते’ हे मावशी मनापासून सांगत असतील, पण होतं ते उलट. पिळल्यावर नाजूक कातडीला बारीक इजा होते, त्यातून जंतू आत शिरतात आणि पू होतो. मग चिरा देऊन तो पू काढावा लागतो, आणि मुलीच्या बाबतीत स्तनाच्या कोवळ्या कळीलाच कायमची इजा होऊ शकते. शिवाय पिळल्याने दूध यायचं थांबत नाही, येतच राहतं. एकाच बाजूला लाली, गरमपणा, सूज वाढताना दिसली किंवा बाळ तिथे हात लावू देईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मावशींना दुखवायचं नसेल तर ‘डॉक्टरांनी छातीला हात लावायला मनाई केलीय’ एवढंच सांगा, माझ्या नावावर खपवा.

लंगोटावरचं रक्तही त्याच संप्रेरकांचं. जन्मानंतर त्यांचा पुरवठा तुटतो आणि मुलीच्या गर्भाशयाचं अस्तर थोडं सुटतं, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन-चार थेंब रक्त किंवा पांढरा चिकट स्राव दिसतो. पुढून मागे असं साध्या पाण्याने धुवायचं, बस. काही दिवसांत थांबतं. नाळेतून, नाकातून किंवा शीतून रक्त आलं तर मात्र तो वेगळा विषय आहे. अशा वेळी लगेच दवाखाना गाठायचा आणि जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का, हे कार्डावर बघून डॉक्टरांना सांगायचं.

आता तो डाग. कातडीला रंग देणाऱ्या पेशी गर्भात असताना आतून वरच्या थरापर्यंत प्रवास करतात. काही वाटेतच, खोलवर, अडकून राहतात. खोलातला रंग वरून बघताना निळसर-राखाडी दिसतो. आपल्याकडच्या बाळांमध्ये हा डाग इतका सर्रास असतो की तो नसला तर मला जास्त आश्चर्य वाटतं. कंबर, कुल्ले, कधी पाठ, खांदे. काही वर्षांत फिकट होत जातो. कार्डावर त्याला ‘मंगोलियन स्पॉट’ म्हटलेलं असेल. इंटरनेटवर हा शब्द शोधून कुणी काही भलतंच वाचलं असेल तर सांगते, त्याचा बुद्धीशी किंवा डाऊन सिंड्रोमशी काहीही संबंध नाही. डागाची नोंद कार्डावर असावी आणि तुम्हीही एक फोटो काढून ठेवावा, कारण पुढे पाळणाघरात किंवा दवाखान्यात कुणाला तो माराचा वळ वाटू शकतो. माराचा वळ आठवडाभरात रंग बदलतो, हा महिनोन्‌महिने तसाच राहतो. आणि ग्रहणाचं म्हणाल, तर त्या दिवशी तुम्ही भाजी चिरली असो की झोपून काढलं असो, पेशींना त्याचा पत्ता नव्हता. अकरा दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला असा आरोप ऐकवणं मला डागापेक्षा जास्त खटकतं. आत्यांना हे वाचायला द्या.

लाल चट्टे, मध्ये मोहरीएवढी पिवळट फुटकुळी, आज पोटावर तर उद्या मांडीवर, आणि बाळ मजेत. असंच होतं ना? पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी कितीतरी जणांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे उठतं आणि एक-दोन आठवड्यांत जातं. हा गोवर नाही, उष्णताही नाही. कडुनिंब, हळद, पावडर काहीही लावू नका. मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घडीत पुवाने भरलेले फोड आले तर दाखवा.

डोकं लांबट आहे कारण बाळ पायाळू होतं. जी बाळं डोक्याकडून येतात त्यांचं डोकं वाटेत दाबलं जाऊन वर निमुळतं होतं किंवा त्यावर सूज येते. तुमच्या लेकीचं डोकं तुमच्या बरगड्यांखाली अडकून बसलं होतं, म्हणून ते माथ्यावर चपटं आणि मागे लांब. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ते गोल होतं. दाबून, चोळून आकार द्यायची गरज नाही, नाक ओढून सरळ करायची तर त्याहून नाही. टाळू उडताना दिसते तीही नॉर्मल. फक्त एवढं बघा, ती मान कायम एकाच बाजूला वळवून ठेवते का? पायाळू बाळांमध्ये मानेचा एक स्नायू आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास मानेच्या कडेला शेंगदाण्याएवढी गाठ हाताला लागू शकते. लागली तर घाबरायचं नाही, दाखवायचं. मानेचे साधे व्यायाम लवकर सुरू केले की बहुतेक बाळं सुधारतात.

आता ती पाच-सात मिनिटं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, डॉक्टरांनी बाळाला उलटंपालटं केलं आणि झालं. प्रत्यक्षात हात लावण्याआधीच अर्धी तपासणी झालेली असते. रंग कसा आहे, श्वास किती वेगाने चाललाय, दोन्ही हात सारखे हलतात का. मग बाळ शांत आहे तोवर छातीला स्टेथोस्कोप, कारण एकदा रडायला लागलं की हृदयाचे ठोके नीट ऐकू येत नाहीत. जांघेत दोन बोटं ठेवून नाडी बघतात. ती लागली नाही तर हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कुठेतरी अरुंद असण्याची शंका येते. तोंडात बोट घालून टाळा चाचपतात, कारण ओठ अखंड असूनही मागे टाळ्याला फट असू शकते. बाळाला हातावर पालथं घेऊन मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यावरून बोट फिरवतात. डोळ्यात उजेड टाकून आतून लाल चमक परत येते का, हे बघतात. ती पांढरी आली तर मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते. आणि सगळ्यात शेवटी खुबे, कारण त्या तपासणीत बाळ हमखास रडतं.

खुब्यांची तपासणी अशी असते. बाळ उताणं, गुडघे दुमडलेले. डॉक्टरांचा अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला, मधलं बोट बाहेरच्या बाजूला, खुब्याच्या उंचवट्यावर. आधी मांडी जवळ आणून हलकेच मागे दाबायची. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीतून बाहेर सरकतो का, ते कळतं. मग मांडी बाहेर फाकवत बोटाने उचलायची. आधीच बाहेर असलेला गोळा आत जात असेल तर ‘खट्’ असं बोटाला जाणवतं. कानाला नाही, बोटाला. नुसता बारीक ‘टिक’ आवाज बऱ्याच बाळांमध्ये येतो, त्याला फारसा अर्थ नसतो.

कार्डावर ‘खुबे नॉर्मल’ याचा अर्थ इतकाच की त्या दिवशी गोळा उखळीत होता आणि बाहेर सरकला नाही. उखळ पुरेशी खोल आहे की उथळ, हे कितीही अनुभवी बोटांना कळत नाही. ते सोनोग्राफीत दिसतं. म्हणून एकाच कार्डावर ‘नॉर्मल’ आणि ‘सोनोग्राफी करा’ या दोन्ही नोंदी असणं ही चूक नाही. तुमच्या डॉक्टरांनी चोख काम केलंय.

हे सगळ्याच बाळांना का सांगत नाहीत आणि तुम्हालाच का? कारण खुब्याची उखळ उथळ राहण्याचा धोका मुलींना मुलग्यांपेक्षा बराच जास्त असतो, पहिल्या बाळाला जास्त असतो, आणि पायाळू बाळाला तर सगळ्यात जास्त. तुमची लेक या तिन्हींत बसते. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाचा खुबा जन्मतः निखळलेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. शेवटचे महिने पाय तोंडाकडे करून, गुडघे ताठ ठेवून बसल्यामुळे मांडीमागचे स्नायू गोळ्याला उखळीबाहेर ओढत राहतात. सिझर झालं म्हणून हा धोका संपत नाही. तो जन्माच्या वेळचा नाही, पोटात ती कशी बसली होती त्याचा आहे.

‘पाय तर भरपूर हलवते’ या वाक्यावर मात्र विसंबू नका. या वयात निखळलेला खुबा दुखत नाही. बाळ लाथा झाडतं, पालथं पडतं, बसतंही. कळतं कधी, तर वर्षा-सव्वा वर्षाने, चालायला लागल्यावर, लंगडण्यावरून. तेव्हा भूल देऊन सांधा बसवणं, प्लास्टर, बऱ्याचदा ऑपरेशन. आणि तेच दोन महिन्यांच्या आत लक्षात आलं तर कापडी पट्ट्यांचा एक साज, पाव्हलिक हार्नेस म्हणतात त्याला, काही आठवडे घालून ठेवायचा. त्यात गुडघे दुमडलेले आणि मांड्या फाकलेल्या राहतात, गोळा उखळीच्या मधोमध टेकतो, आणि वाढणारी उखळ त्याच्याभोवती आपोआप खोल होत जाते. एवढा फरक आहे, म्हणून मुदत म्हणाले.

सहावा आठवडा का? पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच बाळांचे खुबे थोडे सैल असतात आणि आपोआप घट्ट होतात. फार लवकर सोनोग्राफी केली तर विनाकारण उपचार होतात. फार उशीर केला तर सोप्या उपचारांची वेळ निघून जाते. (तपासताना खुबा खरोखर निखळलेला लागला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा सहा आठवडे थांबत नाहीत, लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवतात.)

तोवर घरात एक गोष्ट बदला, आणि माझ्या मते ती सोनोग्राफीइतकीच महत्त्वाची आहे. अंघोळीनंतर मावशी तिचे पाय ओढून सरळ करतात आणि दुपट्यात गच्च बांधतात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे बहुतेक घरांत असंच चालतं. पायाळू बाळाचे पाय काही दिवस वरच राहतात, म्हणून ते सरळ करण्याचा उत्साह आणखी जास्त. नवजात बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेलेच असायला हवेत. सरळ करून बांधले की गोळा उखळीच्या कडेवर येतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळांचे पाय सरळ बांधून ठेवू नका, अशी देशभर मोहीम झाली आणि खुबे निखळण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. बांधायचंच असेल तर छाती-हात बांधा, कमरेखाली दुपटं इतकं सैल ठेवा की गुडघे वर आणि बाहेर नेता येतील. तेलाने हलकं मालिश करायला माझी ना नाही. ओढणं, पिरगळणं, पाय डोक्याला लावणं नको. पुढे ती मान धरायला लागली की आजीने तिला खुशाल कडेवर घ्यावं. कमरेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं खुब्यांना फार मानवतं. या बाबतीत आपली जुनी रीत उत्तम आहे.

पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण जाते म्हणतात. तुमच्या लेकीकडे गावाची रांग लागण्याआधी तिचे स्वतःचे खुबे तेवढे बघून घेऊ.

खर्चाचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जे जन्मजात दोष शोधायचे आणि ज्यांवर मोफत उपचार करायचे, त्या यादीत खुब्याचा हा दोष आहे. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला. गावातल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून विचारा, सांगलीला कुठे पाठवतील ते त्या सांगतील. आशाताई बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. वजन, ताप, श्वास, नाळ बघतात. त्या आल्या की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून दारातून परत पाठवू नका. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली. त्यांचा १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला अभ्यास सांगतो की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताईंच्या हातातल्या थर्मामीटरमागे एवढं सगळं आहे.

कार्ड हातात आहे तर आणखी चार गोष्टी त्यावर शोधा, नसतील तर पुढच्या भेटीत विचारा. कानांची तपासणी झाली का? ती महिन्याच्या आत व्हावी. मशीन बाळाच्या कानात मिनिटभर लावतात, झोपेतही होते. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉइड तपासलं का? थायरॉइडची कमतरता चेहऱ्यावर महिनोन्‌महिने दिसत नाही आणि तोवर मेंदूचं नुकसान होऊन बसतं, लवकर कळली तर रोजची एक छोटी गोळी पुरते. हातापायाला मशीन लावून ऑक्सिजन मोजला का? ९५ टक्के किंवा त्याहून जास्त हवा. डोळ्यातली लाल चमक बघितली का? आणि हो, डोळ्यात काजळ नको. तीट कपाळाला किंवा तळपायाला लावा, माझी हरकत नाही.

कावीळ तुम्ही लिहिली नाहीत, पण मीच विचारते. उद्या सकाळी उजेडात तिचे तळहात-तळपाय बघा. तिथपर्यंत पिवळेपणा असेल तर वाट बघू नका. नुसता चेहरा किंचित पिवळा असेल तर चौदाव्या दिवसापर्यंत जायला हवा. नाही गेला, तर रक्त तपासा. कोवळ्या उन्हात धरणं हा कावीळचा उपचार नाही. आणि शीचा रंग रोज बघत जा. पिवळी-हिरवी चालते. पिठासारखी फिकट, पांढरट शी आणि लंगोटाला डाग पाडणारी गडद लघवी दिसली तर पित्ताची वाट बंद असू शकते. त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत व्हावं लागतं, म्हणून तिथे एक दिवससुद्धा घालवायचा नाही.

रात्री-अपरात्रीसुद्धा निघायचं कधी, तेही सांगून ठेवते. बाळ अंगावर ओढेनासं झालं, उठवूनही सुस्त आहे, अंग तापलंय किंवा पोट-पाय गार पडलेत, शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जातेय, झटके येतात, किंवा हिरवी उलटी झाली. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा, कारण ही बाळं मध्येच पाच-दहा सेकंद थांबून परत घेतात, ते नॉर्मल आहे. शिंका, उचक्या, झोपेत दचकणं, झोपेत हसणं यांतल्या कशासाठीही निघायचं नाही. हसणं तर सटवाईवर सोडा.

सोनोग्राफीसाठी आजच फोन करून वेळ घ्या. सहा आठवड्यांची लसही त्याच सुमारास असते, दोन्ही एकाच फेरीत होईल. फोनवर एवढंच विचारा की लहान बाळांच्या खुब्यांची सोनोग्राफी नेहमी करता का. सगळीकडे होत नाही, पण सांगली-मिरजेत करणारे मिळतील. जाताना कार्ड न्या, निघण्याआधी तिला पोटभर पाजा. कुशीवर निजवून दोन्ही बाजू बघतात. सुई नाही, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही. रिपोर्टमध्ये ‘अल्फा’ नावाचा कोन दिलेला असेल. दोन्ही बाजूंना तो ६० अंश किंवा जास्त असेल तर उखळी छान खोल आहेत. ५० ते ५९ च्या मध्ये असेल तर या वयात तो बऱ्याचदा कच्चेपणा असतो, काही आठवड्यांनी परत बघतात. त्याहून कमी असेल तर रिपोर्ट घेऊन त्याच आठवड्यात बाळांचे खुबे बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. सगळं नॉर्मल आलं तरी काही डॉक्टर पायाळू बाळांना सहा महिन्यांची झाल्यावर एक एक्स-रे सांगतात. सांगितला तर तोही करून घ्या.